शेंडेनक्षत्र आणि आमचे मामंजी

आमच्या मामंजींइतका, म्हणजे माझ्या सासऱ्यांइतका, आभाळाशी घरोबा असलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात सापडला नसता. आमच्या तलवाड्यात लोक सकाळी उठून आधी बैल बघत, मामंजी आधी वर बघत. हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि चांदण्यांमधलं अंतर मुठीनं नि बोटांनी मोजायचं, ही त्यांची जन्माची खोड. एकदा असेच वर बघत चालताना ते पाटलांच्या कडब्याच्या गंजीत शिरले आणि तुमची गंज वाटेत आलीय म्हणून आतूनच पाटलांना दटावू लागले. सासूबाई तर सांगत, अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळं वऱ्हाड नवरीकडं बघत होतं आणि हा बाबा मांडवाच्या भोकातून ढग बघत होता.

अशात एका वैशाखात पहाटे पूर्वेला शेंडेनक्षत्र दिसायला लागलं. त्याची लांब पांढरी शेपटी बघून गावाची पाचावर धारण बसली. त्यात एक फिरता जोशी सांगून गेला की येत्या पुनवेला हे पृथ्वीवर आदळणार. मग काय, लोकांनी बियाण्याची ज्वारी दळून खायला काढली, जन्माची भांडणं मिटवली, आणि मिटवताना दोन नवी उकरली. आमच्या ननंदेचं लग्न पुनवेच्या दुसऱ्या दिवशी ठरलेलं. चकलांब्याहून व्याह्यांचा निरोप आला की दुनियाच बुडायची हाय तर लगीन कावून लावायचं? ननंदेनं अन्न सोडलं.

मामंजी तडक चकलांब्याला गेले आणि बोलावणं नसताना व्याह्यांकडं चार दिवस राहिले. रोज पहाटे ते व्याह्यांना ओढत माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, नेत आणि त्यांचाच हात लांब करून शेजारच्या चांदणीपासून शेंडेनक्षत्र किती बोटं सरकलं ते मोजायला लावत. तरी व्याह्यांची भीती जाईना. मग मामंजींनी त्यांना अंगणात बसवलं आणि चिंध्यांचे दोन चेंडू केले. पुढचं मला विहीणबाईंनीच हसत हसत सांगितलं. मामंजींनी फेकलेला पहिला चेंडू बाजूनं निघून गेला, दुसरा थेट व्याह्यांच्या नाकावर बसला.

“अंगावर येतंय ते जागचं हालत न्हाई, निस्तं मोठं मोठं हुतं,” मामंजी म्हणाले. “बाजूला सरकतंय ते आपल्या वाटंनं चाललंय. आता सांगा, वरचं कोणतं हाय?”

व्याह्यांनी नाक चोळत कबूल केलं की सरकतंय खरं. नवऱ्याला नीट समजलं नसेल म्हणून विहीणबाईंनी आपल्या हातानं त्यांना आणखी दोन चेंडू मारून घेतले.

पुनव आली. हळदीला बसलेल्या बायका घटकेघटकेला वर बघत होत्या, पण आभाळ होतं तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी लग्न वाजतगाजत लागलं आणि ननंद चकलांब्याला गेली.

सूर्याला वळसा घालून शेंडेनक्षत्र आता तिन्हीसांजेला पश्चिमेला दिसे, रोज जरा फिकट. मामंजी रोज माळवदावर जात. एका संध्याकाळी ते लवकर खाली उतरले. मी भाकरी वाढली, पण त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, “जाताना पोरगी म्हणली हुती, दादा, तुमी हिकडून बघा, मी तिकडून बघते. आज न्हाई दिसलं.”

मी म्हटलं, ढग असतील.

“ढग न्हाईत,” ते म्हणाले. “तिलाबी दिसलं नसंल.”