याडीचा म्हातारा गेला कुठं?

माझ्याच पोराला दूध पाजायचं तर सासू मला डोक्यावर पदर घ्यायला लावते. काहून? तर ते पोरगं म्हणजे माझा सासरा हाय म्हणे!

जमनाबाई माझी सासू. गोरेगावजवळच्या आमच्या तांड्यावर समदे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. जन्मभर लोकांच्या रानात हळद काढली तिनं. मागं पोटाच्या दुखण्यानं बेजार झाली, दवाखाने करून थकली, तव्हा कुणीतरी प्रार्थनेला नेलं. बरी झाली अन् येशूचीच झाली. नदीत बुडी मारून बाप्तिस्मा घेतला. सासरा मात्र हट्टी. दर रविवारी तिला गाडीवर प्रार्थनेला न्यायचा अन् बाहेर बसून बिडी ओढायचा. "आतला देव तू सांभाळ, बाहेरच्या चपला मी सांभाळतो," म्हणायचा. मागच्या उन्हाळ्यात चपला सांभाळता सांभाळताच गेला. छातीत कळ आली, खेळ खलास.

दिवाळीत मला पोरगं झालं. रडणं थांबेना. आमच्यात असं लेकरू रडलं की कोण माघारी आलं ते बघतात. मेलेल्यांची नावं घ्यायची, ज्या नावाला ते गप होईल तो आला. याडीनं सासरे, दीर, मामा समदे पालथे घातले. उरला तिचा नवरा. त्याचं नाव ती घेईना, सून म्हणून मीबी घेईना. शेजारची बेबीबाई भांडी घासता घासता ओरडली, "थावरा!" पोरगं गप. त्याच घडीला मी त्याला अंगावर घेतलं होतं, पण ते कोण ऐकून घेतं?

तव्हापासून माझं पोरगं माझं राहिलं न्हाई. जरा खेकसले की, "सासऱ्यावर ओरडून राहिली का?" लंगोट बदलताना याडी लाजून तोंड फिरवायची. माझं डोकंच सटकलं. मी पास्टरला निरोप धाडला.

पास्टर मोहनसिंग आला. चहा घेत म्हणला, "याडी, माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो. पुनर्जन्म आपल्या विश्वासात बसत न्हाई."

"मंग येशू मरून तिसऱ्या दिशी माघारी आला, ते?"

"तो त्याच्याच देहानं उठला. दुसऱ्याच्या पोटी न्हाई आला. आपणबी शेवटी तसंच उठणार."

बरी जिरली, मी मनात म्हणलं.

"बरं," याडी म्हणली. "मंग माझा म्हातारा आता कुठं हाय?"

पास्टर कपात बघत म्हणला, "त्यानं विश्वास ठेवला न्हाई, याडी. कधी आत आलाच न्हाई."

"म्हणजे नरकात?"

"न्याय देवाचा. मी काय सांगू?"

"तुला सांगता येत न्हाई, अन् माझ्या नातवातून त्याला हाकलून राहिला व्हय?" याडी उसळली. "मंग माझा बाप्तिस्मा वापस घे. तो जिथं असल तिथं मला जायचं हाय. तुझ्या स्वर्गात मी एकटी बसून काय करू?"

पास्टर पुरता गडबडला. बाप्तिस्मा वापस कसा घेतात ते त्याला कुणी शिकवलं नसावं. माझं हसू पळालं. लई वाईट वाटलं मला. पोरगं उचललं अन् तिच्या मांडीवर ठेवलं.

"कुठं जायची गरज न्हाई याडी," मी म्हणलं. "तुमचा म्हातारा इथंच हाय."

पास्टरनं माझ्याकडं पाहिलं अन् उरलेला चहा संपवला. याडी पोराला छातीशी धरून रडत होती, अन् आमचे मामंजी तिच्या मांडीवर खुशाल मुतून राहिले होते.