माझ्या भावाला गोळी लागली नव्हती

“गोळी कुठं लागली?” माझ्या वडिलांनी, आबांनी विचारलं. डॉक्टरीणबाई मिरजेकडच्या, म्हणून निदान बोलणं तरी समजत होतं. त्या म्हणाल्या, “गोळी लागलेलीच नाही, काका. याच्या फुफ्फुसांत पाणी भरलंय.”

कारगिलची लढाई चालू होती. माझा धाकटा भाऊ दत्तू फौजेत होता, वर डोंगरात दारूगोळा वाहून नेत होता. तिथून त्याला विमानानं दिल्लीला, लष्कराच्या दवाखान्यात आणलेलं. तार मिळाली तशी मी आणि आबा नाशिकरोडला येऊन मिळेल त्या गाडीत बसलो.

आजाराचं नाव हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडेमा. म्हणजे काय, तर माणूस भराभर उंचावर चढला आणि तिथं ओझी वाहू लागला, की फुफ्फुसांत पाणी झिरपू शकतं. आधी कोरडा खोकला, मग चालताना दम, शेवटी बसल्या जागी दम. धडधाकट पोरांनाही होतो. ऑक्सिजन द्यायचा आणि ताबडतोब खाली उतरवायचं, हा उपाय.

“खोकला सुरू झाला तेव्हाच सांगितलं असतं, तर चालत घरी आला असता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता इन्फेक्शनही पसरलंय.”

मी दत्तूवरच चिडले. “का नाय बोलला रे?”

त्यानं मास्क जरा बाजूला केला. “आक्का, पोरं म्हनली असती, डोंगर बघून घाबरला.”

वर जाण्याआधी सगळ्यांना बजावलेलं होतं, दम लागला तर लपवू नका. पण आम्हाला सांगायची सवय असेल तर ना! आम्ही दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतले मजूर. औषध मारताना छाती भरून यायची, तरी दत्तू पाठीवरचा पंप उतरवायचा नाही. “वाघ हाय पोरगं,” मुकादम म्हणायचा, आणि आबांना केवढा अभिमान! दुखणं अंगावर काढायचं, यालाच आमच्यात हिंमत म्हणतात. त्या हिंमतीला आग लागो.

दुसऱ्या दिवशी त्याला व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनवर ठेवलं. आबांनी त्याच्यासाठी मनुके आणले होते. बाहेरच्या बाकावर ते पुडी धरून बसून राहायचे. काचेतून मला त्याची छाती वरखाली होताना दिसायची, ते मशीनचं काम होतं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आबांच्या शेजारी बसल्या. दत्तू गेला होता.

गावात चौकाला त्याचं नाव दिलं. वर्षश्राद्धाला पुढारी भाषणात म्हणाले, “छातीवर गोळ्या झेलल्या!” टाळ्या पडल्या. आबा मान डोलवत होते. मी पुढाऱ्यांना गाठून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “ताई, मग लोकांना काय सांगायचं? खोकून मेला?”

हो, खोकून मेला! लढाईत, ओझं वाहता वाहता मेला. त्यात लाज कसली? तुमच्या टाळ्यांसाठी त्याचं मरणसुद्धा बदलून टाकलंत.

पुढे मामांचा विलास भरती झाला. त्याचीही पोस्टिंग उंचावर लागली. एकदा गावातल्या एसटीडी बूथवर त्याचा फोन आला. बोलता बोलता सारखा खोकत होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन दिस झाले. काय नाय गं, दत्तूदादासारखा वाघ हाय मी.”

मी बूथमध्ये किंचाळलेच. “दत्तूदादाला गोळी नव्हती लागली! असाच खोकत होता तो. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जा, नायतर मला आक्का म्हनू नको.”

तो गेला. त्याला त्याच दिवशी खाली उतरवलं. महिन्याभरानं सुट्टीवर आला तेव्हा चौकातली पोरं हसली, “काय रे, खोकला झाला म्हणून उतरला?” विलास खाली बघत उभा राहिला. मी त्याचा दंड धरला आणि चौकात लावलेल्या दत्तूच्या फोटोसमोरून, सगळ्यांच्या देखत घरी जेवायला नेलं.

त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी खरं सांगितलं, म्हणून विलास आहे. तुमचं कुणी तिकडे असेल, तर त्याला सांगा, दम लागला की बोल. घाबरट म्हणतील, म्हणू दे. माझ्या दत्तूला वाघ म्हणणारे गावभर होते. “पोरा, खाली उतर” म्हणणारं एकसुद्धा नव्हतं.