मामाच्या जोडीचा टी-शर्ट

अर्जुनी मोरगावात मी टी-शर्टवर स्वतःची चित्रं छापून विकते, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग आईकडे. नागपुरात डिझाइन शिकून आलेली पोरगी घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीच्या थोरल्या बहिणीसारखं एक मशीन मांडून बसते, याचं त्यांना आईसाठीच जास्त वाईट वाटतं.

माझी डिझाइनं माझी स्वतःची असतात. नेटवरून वाघाचं तोंड उचलून छापणाऱ्यांतली मी नाही, आणि तसं कोणी म्हटलं तर माझं टाळकं सरकतं. धान रोवण्याच्या चिखलात फसलेली चप्पल काढली. एकमेकांकडे पाठ करून उभी असलेली सारसाची जोडी काढली. ते टी-शर्ट ऑनलाइन पुण्याला गेले, बंगळुरूला गेले. आमच्या गल्लीतली गिऱ्हाइकं मात्र सगळी चळत उलथीपालथी करून विचारायची, "दीदी, बिना चित्रवाला है क्या?"

अशात एका सकाळी मामा आला. आईचा भाऊ. प्रतापगडच्या बाजूला त्याची धानाची शेती आहे आणि डोक्यात शंकरपट. पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. मामाची जोडी, एक पांढरा आणि एक तांबडा, कैक वर्षं पटात पळत आली होती. आता दोघं थकले होते.

"यंदाचा शेवटचा पट," मामा म्हणाला. "मंग त्यायले नुसतं बसवून खाऊ घालीन. पन त्या दिवशी घरच्या साऱ्यायच्या छातीवर माही जोडी पायजे."

"फोटो पाठवा मामा, लावून देते."

"फोटो कायले? फोटो त मोबाईलात हाये. तू काढ ना. तुले येते ना?"

गावात हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी आपण होऊन हरभऱ्याच्या झाडावर चढले.

पहिलं चित्र मामाने डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. "मस्त हाये. कोनाचा बैल होय?"

मग शिंगं बदलली, वशिंड उचललं. मामा म्हणाला, "पांढऱ्याच्या तोंडावर राग पायजे व, तू त्याले सासुरवाडीत आलेला जावई करून ठेवला." मी पांढऱ्याला रागीट केला, तर आता तांबडा रुसलेला दिसतो म्हणे. माझा संयम सुटला. फोनवरच म्हटलं, "इतकंच असेल तर बैलच आणून उभे करा!"

त्याने आणले. गाडीला जुंपून, बाजाराच्या दिवशी, आमच्या दारात. अर्धं अर्जुनी गोळा झालं. मी बाजेवर बसून काढत होते, मामा मागून शिंगांचा बाक सांगत होता, आणि मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात तांबड्याने कागद खाल्ला. अख्खा.

"त्यालेबी आवडलं नाही," मामा म्हणाला.

शेवटी जमलं एकदाचं. समोरून अंगावर धावून येणारी जोडी, खुरांखाली उडणारी माती. मामाने उपरण्याने डोळे पुसले आणि माती चांगली आली आहे एवढंच सांगितलं. खाली नाव टाकू का विचारलं, तर म्हणे, "कायले? लोक बैल वाचून ओळखतेत का?"

इथेच घात झाला. या छपाईत कागदावर चित्र आरशातल्यासारखं उलटं घ्यावं लागतं, तेव्हा ते कापडावर सुलटं उतरतं. मी फाइलमध्ये उलटवलं, आणि प्रिंटरला उलटवायची सवय लावून ठेवली होती ती विसरले. दोनदा उलटलेलं सुलटं झालं आणि कापडावर उलटं बसलं. एक अक्षर जरी असतं तरी कळलं असतं. बैल काय, या बाजूनेही बैल आणि त्या बाजूनेही बैल! निदान मला तरी तसं वाटलं.

पटाच्या दिवशी मी एसटीने पिशवी घेऊन थेट मैदानावर पोहोचले. सगळ्यांनी घाईघाईत टी-शर्ट चढवले, मामीने तर साडीवरून. मी फुलून गेले होते. तेवढ्यात शेजारच्या गावचा एक जोडीवाला, मामाचा जुना वैरी, मामीसमोर उभा राहून खो खो हसायला लागला.

"काय गा! भाचीनं तुही जोडीच उलटी जुपली! पांढरा डाव्या अंगाले!"

मामाचा पांढरा जन्मभर उजवीकडे पळाला होता. आमच्याकडे नवरा-बायको खाटेवरची बाजू बदलतील, पण बैलांची बदलत नाही. हां हां म्हणता सगळं मैदान हसायला लागलं. माइकवाल्यानेही सांगून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "मामा, काढून टाका, मी पुन्हा करून देते."

मामाने माझ्याकडे बघितलं. मग त्या माणसाकडे वळून म्हणाला, "उलटी कायची? माह्या भाचीनं बरोबरच काढलं. यंदा जोडी अशीच पळनार हाये."

"अवं माय!" मामी किंचाळली. "याले काय झालं?"

मी हात जोडले, मामीने शिव्या घातल्या. मामाने कोणाचं ऐकलं नाही. पांढरा डावीकडे जुंपला, तांबडा उजवीकडे, आणि छकड्यावर चढला. इशारा झाला. दोन्ही बैल आपापल्या जुन्या बाजूला जायला एकमेकांना खांद्याने रेटायला लागले, जागच्या जागी गरागरा फिरले, आणि उलट्या दिशेने असे उधळले की बाप्पा! भजीवाला कढई सोडून पळाला. तशी धाव त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच जोडीने घेतली नसेल. फक्त ती घराकडे होती.

आम्ही मागे धावलो. सगळ्यांत पुढे मी. तलावाच्या पाळीवर छकडा आडवा पडला होता, बैल पाणी पीत होते आणि मामा धुळीने माखून बसला होता. कुठे लागलं नव्हतं.

"मामा, शेवटचा पट होता हो," मी म्हणाले.

"शेवटचा त त्यायचा होता," मामा म्हणाला. "तुहा पयलाच होता ना? पयल्याच पटात हासू देऊ का लोकायले तुह्यावर?"

मी तिथेच पाळीवर बसून भोकाड पसरलं.