दुसऱ्याच्या पानावर

मुलीचा पोहण्याचा क्लास दर शनिवारी न्यू लिन या उपनगरात असायचा. तिला टॉग्ज, म्हणजे पोहण्याचा पोशाख, घालून आत सोडलं की मी तासभर रिकामा. हिवाळ्यात गाडीत बसून राहण्यापेक्षा मी जवळच्या मलेशियन फूड कोर्टात जायचो. सातआठ गाळे, मध्ये प्लास्टिकची टेबलं, आणि नारळाच्या दुधात शिजणाऱ्या मसाल्याचा वास. सकाळी अकराच्या सुमारास तिथे फारसं कुणी नसायचं.

पहिल्याच शनिवारी मी शेवटच्या गाळ्यावर लाक्सा, म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्स, सांगितलं आणि हात धुऊन आलो. कोपऱ्यातल्या टेबलावर वाफाळता बाऊल, शेजारी काळी कॉफी. आपलंच आलं असं समजून बसलो. कॉफी मी सांगितली नव्हती, तरी प्यायलो. रश्श्यातले टोफूचे तुकडे आवडले नाहीत म्हणून टिश्यूवर काढून ठेवले. बाऊल संपत आला तेव्हा गाळ्याची मालकीण ट्रे घेऊन समोर उभी होती. सत्तरीची, बारीक अंगाची बाई. सगळे तिला आंटी म्हणत. ट्रेवर माझं लाक्सा होतं.

"इथे कुणी बसायला सांगितलं तुला?"

"माझंच वाटलं. चुकलं का काही?"

ती टिश्यूवरच्या टोफूकडे बघत राहिली. मग समोरची खुर्ची ओढून बसली. हा गाळा ती आणि तिचा नवरा मिळून चालवायचे. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. रोज सकाळचा पहिला बाऊल ती या टेबलावर त्याच्यासाठी ठेवायची आणि दुपारी टाकून द्यायची.

आमच्याकडे पितृपक्षात पान वाढून बाहेर ठेवतात. त्याला कावळा शिवेपर्यंत घरातलं कुणी घास घेत नाही. आणि मी त्या पानावर चक्क जेवलो होतो.

"आंटी, माफ करा. मी उष्टं केलं."

"वर्षभर मी ते भरलेलं टाकलंय," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा संपलं. पुढच्या शनिवारी ये."

घरी सांगितलं तर बायको वैतागली. "गेलेल्या माणसाचं जेवण आहे ते. कळत नाही का तुला? नको जाऊस." मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो क्रीपी."

तरी गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. माझे वडील गेले तेव्हा तिकीट मिळून मायदेशी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटत असावं.

त्याच टेबलावर मी जेवू लागलो की आंटी फडकं घेऊन यायची. आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसत पुसत तिच्या भाषेत हळू आवाजात बोलायची. मला एक शब्द कळायचा नाही. पण चारपाच शनिवारांनंतर माझ्या लक्षात आलं की मी मान हलवतोय, आणि बरोबर जिथे हलवायला हवी तिथेच. एकदा ती काहीतरी बोलली आणि मला हसू आलं. तीही हसली. मी का हसलो हे मला अजून माहीत नाही.

मग ऑफिसातही मी काळी कॉफी घ्यायला लागलो. आयुष्यभर दोन चमचे साखरेचा चहा पिणारा माणूस मी. डावा खांदा दुखायला लागला. शेजारच्या गाळ्यावर चहा ओढणारे, म्हणजे उंचावरून या मगातून त्या मगात ओतून फेस आणणारे, म्हातारे गृहस्थ एकदा म्हणाले, "तुला पाठमोरं बघितलं की दचकायला होतं. आंटीच्या नवऱ्याचाही डावा खांदा असाच उतरलेला होता." त्या दिवशी गाडीपर्यंत मी मुद्दाम ताठ चालत गेलो.

ऑगस्टातल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी मी आत शिरलो तर आंटीने काउंटरमागूनच हात वर केला.

"आज नको," ती कुजबुजली. "आज तो स्वतः आलाय."

मी बघितलं. टेबलावर बाऊल होता. खुर्ची रिकामी होती, पण माणूस बसल्यावर असते तितकी मागे सरकलेली. बाऊलमधली वाफ सरळ वर चढत नव्हती. ती समोरच्या बाजूला कलायची, थांबायची, पुन्हा कलायची. गरम रश्श्यावर कुणी सावकाश फुंकर मारत असावं तशी. वर पंखा नव्हता. दार माझ्यामागे बंद झालं होतं. चहावाले गृहस्थही हातातला मग तसाच धरून बघत होते.

आंटीचा चेहरा मात्र शांत होता. नवरा जेवायला बसला की घरातली बाई दुसऱ्या कामाला लागते, तशी ती कांदे चिरायला वळली. मी नकळत हात जोडले आणि बाहेर आलो. क्लास संपेपर्यंत पोहण्याच्या तलावाशी, माणसांच्या गोंगाटात बसलो.

पुढच्या शनिवारी त्या टेबलावर काहीच नव्हतं.

"जेवून गेला," आंटी म्हणाली. "आता ठेवायची गरज नाही."

मी धीर करून विचारलं, "आंटी, इतके शनिवार तुम्ही माझ्याशी काय बोलत होता?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तुझ्याशी? तुझ्याशी मी कधीच बोलत नव्हते."

मग तिने ऑर्डर लिहायची वही पुढे ओढली आणि मला विचारलं, तिखट किती हवं. मी मध्यम म्हणालो, आणि दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसलो.