मल्हारीच्या खिशातले दहा शब्द

न्हावऱ्याच्या चौकात मल्हारी शेंडगेचा फ्लेक्स लागला, त्यावर 'आंतरराष्ट्रीय कबड्डीपटू' असं छापलं होतं. मल्हारी आंतरराष्ट्रीयही नाही आणि कबड्डीपटूही नाही. तो गोव्याच्या एका क्लबाकडून फुटबॉल खेळतो, गोलकीपर आहे, आणि चौदा हंगाम एकाच क्लबात काढून बसलाय. पण गावाला हे समजावून सांगायला गेलं, की गाव म्हणतं, "चेंडू आडवायचा ना? तेवढ्यासाठी गोव्याला कशाला जावं लागतंय?"

खरं तर गावाचं अगदीच चुकलं नव्हतं. मल्हारी मूळचा कबड्डीचाच, डाव्या कोपऱ्याचा. दौंडच्या कॉलेजात शिकायला गेला तेव्हा फुटबॉल म्हणजे काय ते त्यानं रेल्वेच्या क्वार्टरमधल्या पोरांना खेळताना बघितलं, तेवढंच. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या आठवड्यात कॉलेजच्या गोलकीपरला टायफॉइड झाला आणि खेळाचे शिक्षक बापूसाहेब सरांनी ह्याला दोन खांबांमध्ये उभा केला.

"हाताला येईल ते धर," सर म्हणाले.

मल्हारीनं चेंडू सोडला आणि समोरून पळत आलेल्या गड्याचा घोटा धरला. असा धरला, की तिघांनी ओढून सोडवला. मैदान हसून लोळलं. सर मात्र हसले नाहीत. "झेप हीच ठेव. फक्त पायाऐवजी चेंडू धर," म्हणाले.

त्यानं झेप तीच ठेवली. समोरच्याच्या बुटांवर डोकं घालून तो चेंडू काढायला लागला. तरी विद्यापीठाच्या निवडीत तीन वर्षं त्याच्या नावापुढं एकच शब्द आला: राखीव. गोव्याचा एक प्रशिक्षक दुसऱ्याच कॉलेजचा गोल करणारा पोरगा बघायला आला होता. मल्हारीनं त्या पोराच्या पायातून तीनदा चेंडू काढला, तेव्हा त्यानं त्या पोराचा नाद सोडला आणि ह्याला नेलं. तिथं आता पांढऱ्या केसांची माणसंसुद्धा त्याला 'मल्हारीबाब' म्हणतात. मासळीबाजारातल्या बाया त्याच्या पिशवीत दोन बांगडे जास्तीचे टाकतात. चाहत्यांचं म्हणणं एकच, ह्या माणसाला भीती माहीत नाही.

इथंच गंमत आहे. कारण फेब्रुवारीपासून मल्हारी भीतीशिवाय दुसरं काही खातपीत नव्हता.

फेब्रुवारीतल्या सामन्यात एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला, आपल्या गड्यांना ओरडून जागेवर उभं केलं, सामना पुरा खेळला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. खोलीत येऊन बुटाच्या नाड्या सोडायला वाकला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण जिंकलो का हरलो हे आपल्याला ठाऊक नाही. विचारायची लाज वाटली. त्यानं मान वर करून एकेकाचं तोंड बघितलं आणि त्यावरून निकाल ताडला.

क्लबाच्या डॉक्टरीणबाईंनी चाचणी घेतली. त्या दहा शब्द म्हणायच्या, ते ऐकून परत सांगायचे. मल्हारीला चार आले. बाई म्हणाल्या, "मेंदूला मार आहे. तो भरून यायच्या आत दुसरा मार बसला, तर जिवावर बेतेल. महिन्यानं परत चाचणी, पुढच्या हंगामाआधी आणखी एक. नापास झालात तर हातमोजे काढून ठेवायचे."

चाचणीचा कागद टेबलावर उघडाच होता. बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या आणि मल्हारीनं मोबाईलवर फोटो काढला. आयुष्यात कधी परीक्षेत कॉपी केली नव्हती, ती चौतिसाव्या वर्षी केली. महिन्याभरानं बाईंनी तेच दहा शब्द विचारले आणि त्यानं दहाच्या दहा सांगितले. मग उन्हाळ्याला तो गावी आला, शब्द एका चिठ्ठीवर उतरवून. आता हंगामाआधीची एक शेवटची चाचणी राहिली होती. ती पार पडली की पंधरावा हंगाम. नाही पडली तर घरी.

रोज सकाळी गोठ्यामागं जाऊन तो पुटपुटायचा. सुई, साबण, लिंबू, माकड, खुर्ची, पाऊस, आरसा, घोडा, चादर, दिवा. दहा आले की छाती जरा हलकी व्हायची. एखाद्या दिवशी 'घोडा' यायला उशीर झाला, की हातापायाला घाम सुटायचा.

आता बायकोला न सांगता केलेल्या गोष्टीचं जे व्हायचं तेच झालं. अक्षदानं धुवायला घेतलेल्या पँटमध्ये चिठ्ठी सापडली. वरचे दोन शब्द तिनं वाचले आणि शिरूरच्या बाजाराला निघालेल्या किराणावाल्या पप्पूच्या हातात ती घडी तशीच दिली. पप्पू संध्याकाळी पिशवी घेऊन दारात.

"वहिनी, सुई, साबण, लिंबं, आरसा, चादर, दिवा आणलाय. खुर्ची टेंपोत हाय, पप्पूकडनं भेट समजा. घोडा यात्रंशिवाय मिळायचा न्हाई. पावसाचं तुम्ही देवाला सांगा. पर माकड कुठनं आणू? का मलाच ठेवून घेताय?"

अक्षदा हसून हसून खाली बसली. मल्हारी हसला नाही. त्यानं पप्पूच्या हातातून चिठ्ठी अशी ओढली, की ती मधोमध फाटली.

"काय हाय ह्ये?" अक्षदानं विचारलं.

"सरावाचं हाय. खेळातल्या खुणा हायेत."

"माकडाची कसली खूण अस्ती?"

त्यानं दोन्ही तुकडे खिशात कोंबले. त्या दिवसापासून अक्षदा त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघायला लागली.

आठवड्यानं तो तात्याबांना, म्हणजे आपल्या वडलांना, मोटरसायकलवर बसवून दौंडला घेऊन गेला. म्हाताऱ्याचा नवा चष्मा तयार झाला होता. दुपारी मल्हारी परत आला, गाडी लावली, हातपाय धुतले, ताटावर बसला.

"आबा कुठं हायेत?" अक्षदानं विचारलं.

"घरातच आसतील की."

"तुमच्यासंगं गेलेत ना?"

"मी एकटाच गेलतो," मल्हारी म्हणाला. भाकरी मोडत, अगदी सहज.

अक्षदानं त्याच्या शर्टाच्या खिशाकडं बोट दाखवलं. खिशात वडलांची जुनी चष्म्याची डबी होती. मल्हारीनं ती हातात घेतली, उघडली, बंद केली. वाटेतला पंप, चष्म्याचं दुकान, पूल, त्याला काहीच आठवेना. सकाळ होती तिथं नुसतं पांढरं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पेट्रोलपंपावरचा माणूस बोलत होता. "एक बाबा हितं बसल्यात. म्हंत्यात, पोरगं तेल भरून निघून गेलं."

तात्याबा कांद्याच्या टेंपोत बसून आले, नवा चष्मा लावून. त्यांच्याआधी बातमी आली होती. चौकात पप्पूनं दुकानाच्या फळीवर थाप मारून सांगितलं, "चौदा वर्सं चेंडू सोडला न्हाई गड्यानं, आन् बाप सोडला!" सगळं न्हावरं दोन दिवस ह्यावर जगलं. येताजाता माणसं म्हाताऱ्याला विचारायची, "तात्या, आज कुठल्या पंपाला?" तात्याबाही हसायचे.

घरात मात्र ते हसले नाहीत. मल्हारीजवळ बाजेवर बसले. "मला सोडून आलास त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "माणूस घाईत इसरतो. पर मी संगं हाय ह्येच तुला ठाव नव्हतं. त्याचं सांग."

"ऊन लागलं आसंल, आबा."

"ऊन मलाबी लागलं हुतं."

दुसऱ्या दिवशी मल्हारी गोठ्यामागं गेला. दहाच्या दहा आले, एका दमात. आणि पहिल्यांदाच ते आल्यावर छाती हलकी झाली नाही. बाप गेला पांढऱ्यात आणि माकड जागेवर! हे शब्द म्हणजे पाढा झाला होता. झोपेतही आला असता. चार महिने तो ज्या काट्यावर स्वतःला तोलत होता तो काटा मोडकाच होता. मग खरं वजन किती? ते बघायची त्याला एवढी भीती वाटली, की गव्हाणीला धरून तो तसाच उभा राहिला.

चाचणी व्हिडिओ कॉलवर होती. मल्हारी ओसरीत बसला, फोन तांब्याला टेकवून. अक्षदा दारात. तात्याबा बाजेवर. बाईंनी विचारपूस केली, झोप, जेवण, डोकेदुखी. सगळ्याला त्यानं 'बरं आहे' म्हटलं. मग बाई शब्द म्हणायला लागल्या. "सुई. साबण. लिंबू. माकड..."

अक्षदाची मान झटकन वळली. मल्हारीला ते बघायची गरज नव्हती. तिची नजर गालावर चटका बसावा तशी कळली.

"आता तुम्ही सांगा, मल्हारीबाब."

त्यानं तोंड उघडलं. दहाही शब्द जिभेवर रांगेत उभे होते. त्यांच्या मागं पंधरावा हंगाम होता, पहिल्या सामन्यात दंडाला बांधायची कप्तानाची पट्टी होती, आणि कुणाचा तरी गुडघा होता.

"बाई," तो म्हणाला, "ही यादी मला पाठ आहे. मागच्या वेळीही पाठ होती. मी तुमच्या कागदाचा फोटो काढला होता."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. बाईंनी रागावून काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या फक्त दुसरे दहा शब्द म्हणाल्या, सावकाश, एकेक सुटा.

मल्हारीनं पहिला सांगितला. दुसरा सांगितला. मग थांबला. एक शेवटचा आठवला. मधले सात, आत्ता कानावर पडलेले सात, कुठंच नव्हते.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "सोमवारी पुण्यात न्यूरोच्या डॉक्टरांकडे जा. मी चिठ्ठी पाठवते. एकट्यानं गाडी चालवायची नाही. आणि मैदानाचं आता बोलायचं नाही."

फोन बंद झाला. अक्षदा येऊन शेजारी बसली. तात्याबा नवा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"सोमवारच म्हणाल्या ना?" मल्हारीनं विचारलं.

त्याला सोमवार पक्का आठवत होता. खरंच आठवतोय का, एवढंच त्याला बघायचं होतं. पण ते सांगायच्या आधीच, तो एवढंही विसरला असं समजून, अक्षदाचा चेहरा उतरला.