शुक्रवारचा व्हिला

ऑफिसच्या छतातून एसीचं पाणी गळलं, भिजलेल्या जिप्सम बोर्डचा वास आला आणि माझं टाळकंच फिरलं. मी शाळेत होते तेव्हा आखातातल्या मंदीत बाबांचा पगार निम्मा झाला, आणि अल सद्दचा फ्लॅट सोडून आम्ही अल रय्यानच्या एका व्हिल्यात आलो. मधे याच जिप्सम बोर्डच्या पोकळ भिंती ठोकून तिथे सात कुटुंबं कोंबलेली. आमच्या वाट्याला एक खोली, आणि पोळ्या लाटायलाही आईला किचनमध्ये नंबर लावायला लागायचा. तरी दर शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशी उभे राहायचे आणि गावी आजोबांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचे, "हा आपला व्हिला!" एकदा मी फोन हिसकावला, आत पळाले आणि आमच्या भिंतीवर दणकून बुक्की मारली. पलीकडून शेजारी ओरडले, "अरे, क्या हुआ?" आजोबांनी फोन ठेवला. बाबांनी माझ्या कानाखाली वाजवली. पगार कापणाऱ्या साहेबाला मात्र हेच बाबा "शुक्रन, सर" असे अरबीत आभार मानून आले होते! आता ते गावी असतात आणि शुक्रवारी फोनवर म्हणतात, "तुझं घर दाखव की." मी काही दाखवत नाही. फोन भिंतीजवळ धरते आणि बुक्की मारून ऐकवते. सिमेंटची आहे, बाबा.