किल्ली नसलेली संख्या

आमचे हे कुलपं दुरुस्त करतात, पण यांचा जीव जडला होता दहा लाख एक या संख्येवर. किल्ली घासता घासता मनात भागाकार चालायचे.

"शंभरपर्यंत सगळं लावून पाहिलं," हे जेवताना सांगायचे. "कुणाला दाद देत नाही बघ."

माझं असं कौतुक कधी झालं नाही. मी नुसती जळायचे.

शेवटी एका दुपारी मीच भागाकाराला बसले. एकशे एकने पूर्ण भाग गेला, उत्तर नऊ हजार नऊशे एक. कागद यांच्या ताटाशेजारी आपटला.

दोन दिवस हे त्या दोन्ही संख्यांना भागून पाहत बसले. तिसऱ्या दिवशी हसत आले.

"अगं, या दोघींना तर कशानेच भाग जात नाही."

एक सवत हाकलायला गेले आणि दोन घरात घेऊन बसले.